उलटवलेला रेणू

"बाण कुठून निघाला?"

असं विचारताना सर उजव्या हाताची तर्जनी उचलायचे, हवेत एक छोटी कमान काढायचे आणि बोट समोरच्याच्या छातीपाशी आणून थांबवायचे. पहिल्यांदा ते बोट माझ्यासमोर थांबलं तेव्हा मला रागच आला. म्हटलं, ओळख ना पाळख, हा माणूस कसला आरोप करतोय?

आरोप नव्हता. सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रिया कशी घडते ते वाकड्या बाणांनी दाखवतात. इलेक्ट्रॉनांची जोडी जिथे असते तिथून बाण निघतो आणि जिथे त्यांची गरज असते तिथे पोचतो. मुलं हमखास उलटा काढतात. मीही पहिल्या दिवशी पडद्यावर उलटाच काढला होता. माझा काय दोष, मी बी.कॉम.!

मी भोपाळचीच. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, आम्ही शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी कधी शिरते ते माझं मलाच कळत नाही. आठ वर्षं मी लग्नाचे व्हिडिओ एडिट केले. मग इंद्रपुरीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये लागले. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ करायचे होते. सर सांगणार, मी हलती चित्रं करणार, त्यावर सरांचा आवाज.

सर मूळचे वर्ध्याचे. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्यांचा विभाग बंद झाला आणि चोपन्नाव्या वर्षी गृहस्थ घरी बसले. दोन वर्षं. "अगं, मी आमच्या हिलाच शिकवायचो," ते सांगायचे. "ती भाजी निवडता निवडता हो हो करायची. बेन्झीन तिला पाठ आहे." हे हसत सांगायचे, पण पुढचं वाक्य हसत नसायचं. "या वर्गाने मला परत माणसात आणलं बरं का."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, नोकरी सुटते पण नोकरीच्या सवयी सुटत नाहीत. सर चहाचा कप कधी नाकाखाली नेत नसत. कप लांब धरून हाताने वाफ नाकाकडे वळवायचे आणि मग पहिला घोट घ्यायचे. कारखान्यात कुठल्याही भांड्यावर थेट नाक नेलं तर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. कँटीनवाला वैतागायचा. "सर, चाय है, जहर थोडी है!" सर म्हणायचे, "पक्का?"

काम करताना आमची रोज खडाजंगी व्हायची. मला लग्नाची सवय. दोन रेणू एकमेकांजवळ आले की मी चमचम टाकायची, एकदा तर धडकेच्या क्षणी गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या. सरांनी कपाळावर हात मारला. "हे काय? वरमाला आहे का?" मी म्हटलं, पोरं बघतील तरी. "पोरं बघतील आणि पाकळ्याच लक्षात ठेवतील. काढ." मी रागारागाने काढल्या. तो व्हिडिओ पाकळ्यांशिवाय जास्त चांगला झाला होता, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता तो एक व्हिडिओ, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

काही रेणूंना आपल्या हातांसारखा डावा-उजवा असतो. तेच चार भाग, तोच मधला कार्बन, पण एकावर दुसरा ठेवला तर जुळत नाही. एका अभिक्रियेत नवा गट मागच्या बाजूने येऊन धडकतो, जुना पुढून सुटतो, आणि उरलेले तिघे दुसऱ्या बाजूला उलटतात. उजव्या हाताचा रेणू डाव्या हाताचा होतो. मुलांच्या परीक्षेत हा हमखास येणारा प्रश्न, आणि माझ्या टाळक्यात काही केल्या शिरेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवीतून कारखान्यातले काळे रबरी हातमोजे आणले. उजव्या हातात उजवा घातला आणि मनगटाकडून ओढून सर्रकन काढला. मोजा आतून बाहेर उलटा झाला. "आता घाल." मी उजव्या हातात घालायला गेले, अंगठा भलतीकडेच. डाव्या हातात नीट बसला. "बघ. एकच मोजा, हात बदलला. आमच्याकडे सगळे उजव्या हातातला मोजा असाच घाईत ओढून काढायचे आणि पेटीत नुसते डावे जमायचे. स्टोअरकीपर शिव्या द्यायचा." मला तेव्हा कळलं, आणि कळल्याचा एवढा आनंद झाला की मी तो व्हिडिओ तीन दिवसांत पूर्ण केला. सरांनी माझ्या कॉम्प्युटरवर चारदा पाहिला आणि "पास" म्हणाले. ते सहजी पास म्हणत नसत.

अपलोड करायच्या दिवशी क्लासच्या डायरेक्टरसाहेबांचा निरोप आला, सगळ्या व्हिडिओंत खाली उजव्या कोपऱ्यात क्लासचा लोगो हवा. टाकला. शेवटच्या शॉटमध्ये तयार झालेला रेणू नेमका उजवीकडे होता आणि लोगोखाली अर्धा झाकला जात होता. मी काय केलं? लग्नाच्या व्हिडिओत आठ वर्षं जे केलं तेच. नवरी चुकीच्या बाजूला बघत असली की आम्ही शॉट फ्लिप मारतो, म्हणजे आरशात दिसतो तसा उलटवतो. कुणाला पत्ता लागत नाही. नवरी नवरीच राहते. मी तो शेवटचा तीन सेकंदांचा शॉट फ्लिप मारला, रेणू डावीकडे गेला, लोगो मोकळा झाला. नावं वेगळ्या थरावर होती म्हणून अक्षरं उलटली नाहीत. उलटली असती तर तिथेच पकडले गेले असते. मी खुशीत अपलोड केलं आणि भेळ खायला गेले.

पुढे अकरा दिवस मुलांनी तो व्हिडिओ पाठ होईपर्यंत पाहिला.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी दुपारी शंकांच्या तासाला एक मुलगी सरांशी वाद घालायला लागली. "सर, हाथ नहीं बदलता. आपके ही वीडियो में नहीं बदलता." सर हसले. तिने मोबाईल पुढे केला. सर हसायचे थांबले.

ते माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. त्यांनी बोट उचललं नाही. नुसतं विचारलं, "शेवटच्या शॉटचा बाण कुठून निघाला?"

मला एका क्षणात सगळं कळलं. "लोगो झाकला जात होता सर," मी म्हटलं. "फ्लिप मारला."

रेणू आरशात घातला की त्याचा हात बदलतो. अभिक्रियेने एकदा बदलला होता, मी परत बदलून जिथल्या तिथे आणून ठेवला. आमच्या व्हिडिओत उलटण्याच्या अभिक्रियेत काहीच उलटत नव्हतं.

घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना रोग. "तीन सेकंद आहेत सर! कुणाच्या लक्षात येतंय?" मी तोंड वर करून म्हटलं. सर स्टुलावर बसले. म्हणाले, "एकदा आमची अख्खी बॅच चुकीच्या हाताची निघाली. ड्रमांवर लाल चिठ्ठ्या लावून अंगणात उभे केले. महिनाभर येताजाता दिसायचे. पण ड्रम धुऊन परत भरता आले. या पोरांचा उद्या पेपर आहे."

आम्ही दोघं डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं, फोन काढला आणि आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. "हटा दिया. बात खतम."

"खतम कैसी साहब? बच्चों के दिमाग में तो है," सर म्हणाले. "ग्रुप में एक मेसेज डाल देते हैं."

"उस ग्रुप में सबके माँ-बाप हैं. सोमवार से एडमिशन खुल रहे हैं. सामनेवाली क्लास पाँच मिनट में स्क्रीनशॉट घुमा देगी." साहेबांनी आवाज चढवला नाही, हीच भीती वाटायची त्यांची. "सर, आपकी मैं इज्जत करता हूँ. पर यह बात बाहर गई तो सोमवार से आप मत आइएगा."

कुणाच्या चुकीमुळे झालं ते साहेबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि हे त्यांनी मुद्दाम केलं असं मला आजही वाटतं.

बाहेर येऊन ते पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मुलांची यादी काढून दे. केंद्रांसकट."

"सर, साहेब काय म्हणाले ऐकलंत ना? नोकरी जाईल!"

"ऐकलं. यादी दे."

"सर, तुम्ही परत घरी बसाल!" हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता ऐकतील, घरी जातील, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. तेवढ्यात प्रिंटर सुरू झाला. यादी त्यांनी स्वतःच काढली होती, चुकीच्या कागदावर, एका बाजूला कुणाचे तरी जुने पेपर छापलेले.

ज्या मुलांची केंद्रं लांब होती त्यांना सरांनी संध्याकाळपासून एकेक फोन केला. बाकीच्यांचं केंद्र माझ्या घराजवळ, शिवाजी नगरातल्या एका शाळेत होतं. रविवारी सकाळी दहाला मी फाटकापाशी पोचले. का गेले? घरात जीव राहीना म्हणून.

मे महिन्याचं ऊन, फाटकाबाहेर हीऽऽ गर्दी. मुलींच्या आया कानातलं काढून घेत होत्या, एक बाप कात्रीने मुलाच्या शर्टाच्या बाह्या कापत होता, पूर्ण बाह्या आत चालत नाहीत म्हणून. आणि या सगळ्यात आमचे सर, एका हातात काळा रबरी मोजा घालून उभे. येणारे-जाणारे बघत होते. सरांनी यादी माझ्या हातात दिली. "भेटला की खूण कर."

मुलगा दिसला की ते त्याचा दंड धरून बाजूला घ्यायचे. "वीडियो का आखिरी सीन गलत है. भूल जा. यह देख." सर्रकन मोजा ओढायचे. "पलटा? पलटता ही है. जा, आराम से लिख." अर्धं मिनिट. मी खूण करायची. पुढचा.

सगळ्यांनी काही ते शहाण्यासारखं घेतलं नाही. कालची ती वाद घालणारी मुलगी रडायलाच लागली. "सर, अभी क्यूँ बता रहे हो? अब सब गड़बड़ हो जाएगा!" मी मनात म्हटलं, आपण भलताच घोळ करतोय, मुलं आत जाऊन आणखी गोंधळतील. सरांनाही ते वाटलं असावं, कारण मोजा हातात तसाच लोंबत राहिला. मग ते तिच्यासमोर खाली वाकले. "गड़बड़ तेरी नहीं है. तुझे पहले से सही आता था, मैंने ही पढ़ाया था. वीडियो ने बिगाड़ा. बस, वीडियो निकाल दे." तिने नाक पुसलं आणि आत गेली. सरांनी बराच वेळ पुढच्या मुलाला हाक मारली नाही.

हे सगळं एका मुलाचे वडील मघापासून मोबाईलवर टिपत होते. ते पुढे आले. "सर, इतनी बड़ी गलती? बच्चों के साल का सवाल है! किसने की?"

सरांपासून मी दोन हातांवर उभी होते. यादी माझ्या हातात, पेन माझ्या हातात. एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरांचा.

"मेरी है," सर म्हणाले. "आवाज मेरी, तो गलती भी मेरी."

मी यादीकडे बघत राहिले. एका नावापुढे आधीच खूण होती, तिच्यावर परत खूण केली.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. सर "जी, जी" करत ऐकत होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मला विचारलं, "किती राहिले?"

"चार," मी म्हटलं. चौघेही आले.

तुम्हाला वाटेल, पेपरात तो प्रश्न आला आणि मुलांनी सरांचं नाव काढलं. कसलं काय! तो प्रश्न त्या वर्षी आलाच नाही. संध्याकाळी मी सरांना फोन करून सांगितलं. मला नुसती चीड आली होती. परीक्षेची, साहेबांची, आणि कुणाची ते तुम्हाला कळलंच असेल. सर म्हणाले, "नाही आला? चला, पोरांचं डोकं तेवढंच मोकळं राहिलं." आणि खरंच हसले.

सोमवारी ते आले नाहीत. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, सगळ्या व्हिडिओंतून सरांचा आवाज काढायचा आणि भाड्याच्या आवाजात तेच शब्द टाकायचे. मी काढला. एकतीस व्हिडिओ. नवा आवाज गोड होता आणि त्याला काहीच कळत नव्हतं. एकदा हिंमत बांधून साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, शॉट मी उलटवला होता हे सांगायला. आत जाऊन व्हिडिओच्या वरच्या चित्रात पिवळा रंग चालेल का ते विचारून परत आले. पिवळा चालेल म्हणाले.

सरांचा फोन त्यानंतर एकदाच आला. "तो शॉट सरळ केलास ना?" "केला सर." "बरं झालं." माफी मागायचं मी ठरवून ठेवलं होतं, शब्दन्‌शब्द ठरवला होता. आयत्या वेळी तोंडातून निघालं, "जेवलात का?" ते म्हणाले, "हो. आज पिठलं होतं." नंतर कुठे शिकवतात, काय करतात, मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं, त्याची भीती होती.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच. मला आठवड्याने त्या वाद घालणाऱ्या मुलीचा मेसेज आला. ती आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेराव्यानंतर मी इंद्रपुरीत त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हाताने जाववेना. सरांच्या मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल मी कधी पुसल्या नव्हत्या. त्या पेनड्राइव्हवर घातल्या.

काकूंना मी पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी नाव विचारलं आणि माझे दोन्ही हात धरले. "तूच का ती? फाटकापाशी त्यांच्यासोबत उन्हात उभी होतीस. क्लासमधून दुसरं कुणी आलं नव्हतं म्हणे. फार सांगायचे तुझं."

मला खाली बघवेना आणि वर बघवेना. मी पेनड्राइव्ह पुढे केला. "सरांचा आवाज आहे, काकू. चित्रं नाहीत."

"चित्रं काय करायची आहेत," त्या म्हणाल्या आणि उठून टीव्हीच्या मागे कुठे लावायचा ते विचारायला लागल्या. मी लावून दिला. पडदा काळाच होता. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खाकरणं, मग सर बोलायला लागले. "हाँ तो बच्चों, कापी खोलो."

काकू टीव्हीसमोर पाटावर बसल्या. पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. नुसत्या बसून ऐकत होत्या. सर त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत कार्बनबद्दल सांगत होते. आता नाही बोलले तर मी कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं.

"काकू," मी म्हटलं, "त्या व्हिडिओतली चूक सरांची नव्हती. माझी होती. फाटकापाशी एका मुलाच्या वडिलांनी विचारलं आणि मी गप्प बसले. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली."

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"माहितीये मला. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता ऐकू दे जरा."